वाचकांचे प्रश्न : गांजाला मोकळीक मिळाली, तर सीमेवरच्या गावांचे काय?

मागच्या अंकात या सदरात एका वाचकाला दिलेल्या उत्तरात असे लिहिले होते की, उरुग्वेने २०१३ साली, कॅनडाने २०१८ साली आणि जर्मनीने २०२४ साली प्रौढांना गांजा बाळगण्याची मुभा कायद्याने दिली आणि तिन्ही देशांनी ती वेगवेगळ्या पद्धतीने दिली. त्या चार ओळींवर बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यातून बरीच पत्रे आली. काहींनी असले विषय मासिकात कशाला, अशी कानउघाडणी केली आहे. बहुतेकांनी मात्र आपापल्या घरातली किंवा गावातली अडचण मांडून नेमके प्रश्न विचारले आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. विषय पाहता कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शिकतो. तिथे गांजाची दुकाने किराणा दुकानासारखी उघडी असतात आणि शेजारच्या खोलीतली मुले रोज ओढतात, असे तो सांगतो. दिवाळीला येताना मित्रांसाठी तिथली गांजा घातलेली चॉकलेटे आणली तर चालतील का, असे त्याने परवा फोनवर सहज विचारले. तेव्हापासून मला झोप नाही. (एक आई, टिळकवाडी)

उत्तर : चॉकलेटे आणू नयेत, हे त्याला आजच कळवा. कॅनडात खरेदी कायदेशीर असली, तरी कोणत्याही रूपातला गांजा देशाबाहेर नेणे हा तिथल्याच कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे विमानात बसण्याआधीच तो अडचणीत येऊ शकतो. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, लागू आहे. गांजातील नशा आणणारे द्रव्य, म्हणजे टीएचसी, हे त्या कायद्याच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, मिश्रणात अमली पदार्थ किती टक्के आहे हे न पाहता संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. चॉकलेटात अमली द्रव्याचा अंश नखाएवढा असला, तरी तराजूत सगळे चॉकलेट जाईल. मुंबईच्या किंवा गोव्याच्या विमानतळावर ‘तिकडे चालते’ हे उत्तर कामाचे नाही.

आता त्याच्या तिथल्या रोजच्या जगण्याविषयी. ओंटारिओत वयाची १९ वर्षे पूर्ण झालेल्याला दुकानातून गांजा घेता येतो, सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतो आणि एका घरात चार झाडे लावता येतात. जिथे सिगारेट ओढता येते, तिथे बहुतेक करून गांजाही ओढता येतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या गॅलरीतून येणारा वास हे तिथल्या इमारतींमधले नेहमीचे भांडण झाले आहे. त्यावर पोलीस फारसे काही करू शकत नाहीत. घरमालकाचा करार आणि इमारतीची नियमावली हाच तोडगा असतो. मुलाला त्रास होत असेल, तर त्याने करारातले धूम्रपानाचे कलम वाचावे आणि तक्रार लेखी द्यावी.

खाण्याच्या पदार्थांविषयी त्याला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. कॅनडात अशा पदार्थाच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालता येत नाही, वेष्टन साधे ठेवावे लागते, त्यावर लाल रंगाचे इशाऱ्याचे चिन्ह असते आणि पाकीट लहान मुलांना सहज उघडता येणार नाही असे असावे लागते. इतका बंदोबस्त का, तर ओढलेल्या गांजाचा अंमल मिनिटांत चढतो, खाल्लेल्याचा मात्र तास-दीड तास जाणवतच नाही. नवखा माणूस ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा तुकडा तोंडात टाकतो आणि मग दोन्हींचा अंमल एकदम येऊन रुग्णालय गाठायची पाळी येते. राहता राहिले वाहन. गांजाच्या अमलाखाली गाडी चालवणे हा डिसेंबर २०१८ पासून तिथे दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे आणि परदेशी विद्यार्थ्याला त्यापायी देश सोडावा लागू शकतो. गांजाची मोकळीक तिथल्या नागरिकाला जितकी पचते, तितकी व्हिसावर राहणाऱ्याला पचत नाही.

प्रश्न : माझा मुलगा बेळगावात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्रांसोबत मैदानावर बसलेला असताना पोलिसांनी पकडले. खिशात एक पुडी होती आणि तपासणीतही अंश आढळला. परदेशात अशा मुलांना सोडून देतात. आमच्या मुलाच्या कपाळी मात्र गुन्हेगाराचा शिक्का का? (एक वडील, खानापूर तालुका)

उत्तर : तुमचा संताप समजतो, परंतु आधी हातातला मार्ग पाहू. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो. तो जवळ बाळगल्यास कलम २० खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केवळ सेवन केल्याबद्दल कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ज्याची माहिती पुष्कळ पालकांना नसते आणि घाईगडबडीत ते वापरायचे राहून जाते. व्यसन जडलेला माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेण्यास तयार झाला आणि त्याने ते पुरे केले, तर सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या आरोपांतून त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येते. मुलगा खरोखर व्यसनी नसून एखाद्या वेळी ओढणारा असेल, तर हे कलम त्याला कितपत लागू होईल, हे वकिलाशी बोलूनच ठरवा. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराच्या अटीवर सोडू शकते.

तुमच्या मूळ प्रश्नावर मी माझे मत स्पष्टच सांगतो. ओढणाऱ्याला तुरुंगात न धाडणे हा एक निर्णय आणि गांजाचे दुकान उघडणे हा दुसरा. आपल्याकडच्या चर्चेत या दोहोंची सतत गल्लत होते. पोर्तुगालने २००१ साली पहिला निर्णय घेतला, दुसरा घेतला नाही: तिथे स्वतःपुरता अमली पदार्थ सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जावे लागते, जिच्यात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसे असतात. गांजाची विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीनुसार भारतात भांग, गांजा किंवा चरस वर्षभरात एकदा तरी घेतलेल्यांची संख्या ३ कोटींच्या वर होती. यातले नुसती भांग घेणारे वगळले, तरी उरलेल्या लोकांना गुन्हेगार म्हणणारा कायदा सगळ्यांवर चालत नाही. तो मैदानावर बसलेल्या, ओळखपाळख नसलेल्या पोरांवर चालतो. पहिल्या निर्णयाच्या बाजूने मी आहे. दुसऱ्याविषयी मला ज्या शंका आहेत, त्या शेवटच्या उत्तरात येतील.

प्रश्न : आमची तंबाखूची शेती आहे. दर वखारवाल्याच्या मर्जीवर, त्यात तंबाखूविरोधी धोरण. उत्तराखंडात आणि हिमाचलात भांगेच्या शेतीला परवानगी मिळाली असे वाचले. आमच्या जमिनीत हे पीक येईल का? (एक शेतकरी, निपाणी परिसर)

उत्तर : पीक येण्याचा प्रश्नच नाही, हे झाड उकिरड्यावरही येते. प्रश्न परवान्याचा आणि बाजाराचा आहे. उत्तराखंडाने २०१८ साली जी परवानगी दिली, ती तागासारखा धागा आणि बी यांसाठी घेतल्या जाणाऱ्या वाणाला आहे, ज्यात टीएचसीचे प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते. हिमाचलात २०२४ साली विधानसभेने औद्योगिक व औषधी लागवडीच्या बाजूने ठराव केला आणि पुढच्या वर्षी प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी मिळाली. नशेचा गांजा पिकवण्याची मोकळीक दोन्हीकडे नाही. आपल्याकडे परवान्यावाचून एक झाड लावले, तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद आहे, मग ते झाड धाग्याचे आहे असे तुम्ही कितीही सांगा.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. उसात किंवा मक्यात आडोशाने गांजाची झाडे लावल्याच्या बातम्या आपल्या भागात येत असतात आणि जमीन बहुधा वाट्याने दिलेली असते. उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या दारात पोलीस आधी येतात. आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्याचे कळताच ती माहिती देणे कलम ४६ नुसार जमीनधारकाचे कर्तव्य आहे आणि जाणूनबुजून गप्प राहणे हाही गुन्हा आहे. कलम ४७ मध्ये हेच कर्तव्य पंच, सरपंच आणि गावकामगारांवर टाकलेले आहे. वाटेकऱ्याशी करार करताना कोणती पिके घ्यायची, हे कागदावर लिहून घ्या आणि महिन्यातून एकदा तरी उसाच्या आतल्या सऱ्यांपर्यंत चक्कर मारा.

आता बाजार. परवानगी मिळाली की शेतकऱ्याचे भले होईल, या समजाला जगभरात तडे गेले आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या १ जानेवारीला दुकाने उघडली. सुरुवातीला भाव चढा होता म्हणून लागवड वाढत गेली आणि २०२१ नंतरच्या दोन वर्षांत घाऊक भाव निम्म्याहून खाली आला. कॅनडात मोठमोठ्या कंपन्यांनी काचगृहे उभारली, विक्रीपेक्षा उत्पादन वाढले आणि न विकलेला माल नष्ट करावा लागला. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. हजारो दुकाने निघाली, पिकवणाऱ्यांची गर्दी झाली, भाव पडले आणि जून २०२५ मध्ये सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून पुन्हा दार ओढून घेतले. त्या तीन वर्षांत ज्यांनी कर्ज काढून लागवड केली, त्यांची काय अवस्था झाली असेल, हे निपाणीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच तंबाखूच्या भावासाठी तुमच्या वडीलधाऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखला होता. तंबाखू तेव्हाही कायदेशीरच होता. पीक कायदेशीर असणे आणि त्याचा भाव पिकवणाऱ्याच्या हाती असणे, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

प्रश्न : जत्रेला येणारे गोसावी-बैरागी उघडपणे चिलीम ओढतात. त्यांना कायदा नाही का? आणि महाशिवरात्रीच्या भांगेचे काय? (एक निवृत्त कर्मचारी, शहापूर)

उत्तर : धार्मिक कारणासाठी गांजा ओढण्यास कायद्यात सूट नाही, जे चालते, ते पोलिसांच्या कानाडोळ्यावर. यादगीर जिल्ह्यातील तिंथिणीच्या मौनेश्वर जत्रेत गांजा प्रसाद म्हणून दिला जातो, हे वृत्तपत्रांतून छापून आलेले आहे. भांगेचे वेगळे आहे. एनडीपीएस कायद्याने फुलोरा आणि राळ यांना बंदी घातली. नुसती पाने त्याच्या व्याख्येबाहेर ठेवली. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ साली एका जामीन अर्जावर निकाल देताना याच आधारे भांग या कायद्यात येत नसल्याचे म्हटले. तथापि पानांवर राज्यांचे अबकारी कायदे चालतात, म्हणून पोतेभर भांग घेऊन कोल्हापूरला निघू नये.

प्रश्न : नववी-दहावीची मुले मोबाईलवर पाहून वाद घालतात : ‘बाई, परदेशात कायदेशीर आहे, वनस्पती आहे, शंकराला चालते, मग वाईट कसे?’ शाळेजवळच्या टपरीवर गुंडाळायचे पातळ कागद मिळतात, हेही मी पाहिले आहे. मुलांना काय सांगावे? (एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : पहिले उत्तर असे की, ज्या ज्या देशाने मोकळीक दिली, त्यांतल्या एकानेही ती नववीतल्या मुलाला दिलेली नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत वयाची अट १९ वर्षांची आहे, क्युबेक प्रांताने ती २०२० मध्ये २१ वर नेली आणि अमेरिकेतील मोकळीक दिलेल्या सर्व राज्यांत ती २१ च आहे. जे देश प्रौढांच्या बाबतीत सैल झाले, ते मुलांच्या बाबतीत अधिक कडक झाले. मुलांनी केलेला युक्तिवाद मुलांवरच उलटतो, हे त्यांना जरा रंगवून सांगायला हरकत नाही.

दुसरे उत्तर मेंदूचे. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. गांजा घेणाऱ्या प्रौढांपैकी साधारण दहात एकाला त्याची सवय जडते, तर किशोरवयात सुरुवात केलेल्यांपैकी साधारण सहात एकाला, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. लहान वयात, वारंवार आणि तीव्र गांजा घेणाऱ्यांत भ्रम, भास आणि संशय यांसारख्या मनोविकारांचा धोका वाढतो, विशेषतः घराण्यात तसा आजार असेल तर. हे सांगताना भीती मात्र फुगवून सांगू नये. एकदा ओढलेला मुलगा वेडा होत नाही, हे वर्गातल्या निदान दोघांना ठाऊक असते आणि शिक्षकाचे एक विधान खोटे ठरले की बाकीची सगळीच हवेत उडतात.

शंकराच्या मुद्द्यावर एवढेच सांगता येईल की, ज्या पिढीने चिलीम ओढली, तिच्या गांजात टीएचसी थोडके असे. अमेरिकी दुकानांतल्या आजच्या फुलोऱ्यात ते वीस टक्क्यांच्या आसपास असते आणि अर्क काढलेल्या पदार्थांत साठ-सत्तर टक्क्यांवर जाते. नाव तेच राहिले आणि वस्तू बदलली.

परदेशातील मोकळीकीनंतर शाळकरी मुलांत सेवनाचा स्फोट झाला, असे मात्र कोलोरॅडोतल्या पाहण्यांतून दिसत नाही. तिथे ते प्रमाण साधारण होते तिथेच राहिले. वाढ झाली ती प्रौढांत. आणि ज्यांच्याविषयी कोणी फारसा विचार केला नव्हता, त्या अगदी लहान मुलांत वेगळीच आपत्ती ओढवली. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ चुकून खाल्ल्याच्या घटना २०१७ मध्ये २०७ नोंदल्या गेल्या होत्या, त्या २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. फ्रीजमध्ये ठेवलेली रंगीत गोळी आईबापांची आहे, हे तीन वर्षांच्या मुलाला कसे कळावे? कोलोरॅडोने २०१७ मध्ये प्राण्यांच्या आणि फळांच्या आकाराच्या गोळ्यांवर बंदी घातली, ती त्यामुळेच.

टपरीविषयी लेखी तक्रार शाळा सुधारणा समितीमार्फत द्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुंडाळायच्या कागदांवर ती नाही, पण त्या टपरीवर नुसते कागदच असतील, असे वाटत नाही. ज्या मुलाविषयी शंका आहे, त्याच्या घरच्यांना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा किंवा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा विनाशुल्क क्रमांक द्या. वर्गासमोर त्याचे नाव घेऊ नका.

प्रश्न : माझ्या मालवाहू गाड्या मुंबई-बेंगळुरू मार्गावर असतात. काही चालक रात्री जागण्यासाठी ओढतात. दारूसारखे यंत्रात फुंकून हे कळते का? (एक वाहतूक व्यावसायिक, निपाणी)

उत्तर : नाही. फुंकण्याच्या यंत्रात दारू कळते, गांजा कळत नाही. लघवीच्या तपासणीत अंश सापडतो, परंतु नियमित ओढणाऱ्याच्या शरीरात तो कित्येक आठवडे राहतो, त्यामुळे चालक त्या रात्री अमलाखाली होता की नाही, हे त्यावरून ठरत नाही. कॅनडाने रक्तातील टीएचसीची मर्यादा ठरवून दिली, पण तीही दारूच्या मर्यादेइतकी खात्रीची नाही, कारण एकाच प्रमाणाचा दोन माणसांवर सारखा परिणाम होत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवणेही गुन्हाच आहे. आणि गांजाने जाग येते हा समज चुकीचा आहे. अंतराचा अंदाज आणि ब्रेकवर पाय जाण्याचा वेग, दोन्ही मंदावतात. सलग फेऱ्यांचे वेळापत्रक सैल केल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही आणि ते तुमच्या हातात आहे.

प्रश्न : आत्याला कर्करोग आहे. कोणीतरी इंटरनेटवरून ‘विजया तेल’ मागवायला सांगितले. कायद्याने चालते का? गुण येतो का? (एक भाची, वडगाव)

उत्तर : भांगेच्या पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे आयुष परवान्याखाली मिळतात, परवाना क्रमांक आणि वैद्याची चिठ्ठी असल्याशिवाय घेऊ नका. केमोथेरपीने होणाऱ्या उलट्यांवर टीएचसीसारखी औषधे काही देशांत फार पूर्वीपासून दिली जातात आणि गांजातील सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याचे एक औषध अमेरिकेने २०१८ मध्ये मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी मंजूर केले. कर्करोग बरा होतो, याला मात्र आधार नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि काही फिटच्या गोळ्यांशी या तेलाचा झगडा होतो, म्हणून आत्याबाईंच्या डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नका. ते रागावले तरी चालतील.

प्रश्न : मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या शिवाराला लागूनच चंदगड तालुक्याची हद्द. उद्या एका राज्याने गांजाला मोकळीक दिली आणि दुसऱ्याने दिली नाही, तर आमच्यासारख्या गावांचे काय होईल? ग्रामपंचायतीला यात काही बोलता येईल का?

उत्तर : आजच्या घडीला असे होणार नाही. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, म्हणूनच महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांचे दारूचे दर आणि नियम तीन तऱ्हांचे आहेत. गांजावर केंद्राचा कायदा आहे आणि त्यात राज्यांना जी परवानगी देता येते, ती औषधी, शास्त्रीय आणि औद्योगिक कारणांपुरतीच. चैनीसाठी ओढण्याच्या गांजाचे दुकान कोणत्याही राज्याला स्वतःहून उघडता येत नाही. परंतु केंद्राने उद्या कायदा बदललाच, तर बहुतेक तपशील राज्यांवर सोपवले जातील, असे मला वाटते. आणि मग तुमचा प्रश्न अगदी खरा ठरेल.

दोन राज्यांतल्या दरांतला फरक सीमेवर कसा वाहतो, हे तुम्हाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. गोव्याची स्वस्त दारू चोर्ला घाटातून वर येते आणि कणकुंबीच्या नाक्यावर ती पकडण्यात अबकारी खात्याचा वेळ जातो. डिझेलच्या दरात काही रुपयांचा फरक पडला की महाराष्ट्रातल्या गाड्या कोगनोळीच्या अलीकडे येऊन टाक्या भरतात. गांजा या दोहोंपेक्षा हलका, लपवायला सोपा आणि वजनाच्या मानाने कितीतरी महाग आहे.

नेदरलँड्सने १९७६ पासून ठरावीक दुकानांतली किरकोळ विक्री सोसून घेतली. बेल्जियम, जर्मनी आणि फ्रान्समधले ग्राहक सीमेवरच्या डच गावांत लोटू लागले. रोज हजारो परक्या गाड्या, रस्त्यावरचे दलाल, रात्रीचा गोंगाट. रोसेंडाल आणि बर्गन ऑप झोम या दोन शहरांनी २००९ मध्ये आपल्याकडची सगळी दुकाने बंद केली. २०१२ मध्ये दक्षिणेकडच्या सीमेलगतच्या प्रांतांत केवळ तिथल्या रहिवाशांनाच विक्री करण्याचा नियम आला, तेव्हा मास्ट्रिक्ट शहरात दुकानातली गर्दी ओसरली, पण विक्री गल्लीत आली. दुकान उघडले तेव्हाही भुर्दंड सीमेवरच्या गावाला आणि बंद केले तेव्हाही त्यालाच. ज्या ॲमस्टरडॅमच्या नावाने हे धोरण जगभर गाजले, त्याला यातले फारसे सोसावे लागले नाही.

अमेरिकेत याच्या उलट बाजूही दिसते. ओरेगॉन राज्यात, पण बंदी असलेल्या आयडाहो राज्याच्या अगदी हद्दीवर, ओंटारिओ नावाचेच एक छोटे शहर आहे. कॅनडातल्या प्रांताशी त्याचा संबंध नाही. २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी दुकानांना होकार दिला आणि पलीकडून येणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर शहराच्या तिजोरीत कराची चांगली भर पडू लागली. पकडापकडीचा, खटल्यांचा आणि तुरुंगाचा खर्च पलीकडच्या आयडाहोवर पडला. कोलोरॅडोच्या शेजारच्या नेब्रास्का आणि ओक्लाहोमा या राज्यांनी नेमकी हीच तक्रार घेऊन डिसेंबर २०१४ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती : यांच्या दुकानांतला माल आमच्या रस्त्यांवर येतो आणि पोलीस आमचे झिजतात. न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये तो दावा ऐकून घेण्यासच नकार दिला. दोन राज्यांतला वाद सर्वोच्च न्यायालयात किती काळ पडून राहू शकतो, हे बेळगावकरांना सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

माझी शंका येथे आहे. मोकळीकीचा निर्णय बेंगळुरूत किंवा मुंबईत होईल, कर तिथे जमा होईल, परवाने ज्यांच्याकडे आधीच भांडवल आहे त्यांना मिळतील आणि दुकान मात्र तुमच्या वेशीवर येईल, कारण दुकानदाराला सर्वांत जास्त गिऱ्हाईक हद्दीवरच मिळते. हे टाळता येते, परंतु कायद्यात आधीपासून तशी सोय असेल तरच. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने नगरपालिकांना जानेवारी २०१९ पर्यंत ‘आमच्याकडे दुकान नको’ असे कळवण्याची मुभा दिली होती; मिसिसॉगा या मोठ्या शहराने तेव्हा नकार दिला आणि २०२३ मध्ये, चार वर्षे इतरांचे पाहून, होकार दिला. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरानेही दहा वर्षे थांबून २०२४ च्या मतदानात परवानगी दिली. उशिरा येण्याचा हक्क ही मला या सगळ्या कायद्यांतली सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते. महाराष्ट्रात दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी ‘आडवी बाटली’ करण्याची जी सोय आहे, तिचे स्वरूप पुष्कळसे असेच आहे, आणि तुमच्या शेजारच्या गावांना तिचा अनुभव विचारता येईल.

ग्रामपंचायतीच्या ठरावाने केंद्राचा कायदा बदलत नाही, पण ग्रामसभेचा ठराव नोंदीत राहतो आणि पुढे आमदार-खासदारांपुढे ठेवता येतो. ठराव करायचाच असेल, तर ‘गांजाला विरोध’ असा एका ओळीचा करू नका. तो कोणी वाचत नाही. त्यात तीन मागण्या घाला. राज्याच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत दुकानाला परवाना देताना दोन्ही बाजूंच्या गावांची संमती घ्यावी, नुसती ज्या राज्यात दुकान आहे त्या गावाची नव्हे. कराचा ठरावीक वाटा गावाच्या पंचायतीकडे थेट यावा आणि त्यातून तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीचा डॉक्टर बसावा, कारण आज खानापूर किंवा चंदगडच्या माणसाला त्यासाठी शहर गाठावे लागते. तिसरी मागणी, अल्प प्रमाणात सापडलेल्या स्थानिक पोरांवरचे जुने खटले कायदा बदलताच आपोआप निकाली काढावेत. कॅनडाने गांजा बाळगल्याच्या जुन्या शिक्षांची नोंद बाजूला ठेवण्यासाठी २०१९ मध्ये विनाशुल्क अर्जाची सोय केली, परंतु अर्ज करणारे फारच थोडे निघाले. म्हणून ‘आपोआप’ हा शब्द ठरावात राहू द्या. आणि ठरावाची प्रत मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत काढून एक चंदगड पंचायत समितीलाही पाठवा.